जवस म्हणे अखाद्य!

गेल्या दिवाळीत वर्ध्याला आत्याकडे गेलो होतो. वर्ध्याला म्हणजे खरं तर सिंदी मेघेला. सिंदी म्हटलं की अर्धे लोक सिंदी रेल्वेला जातात. ती वेगळी, नागपूरच्या वाटेवर. आमची सिंदी वर्ध्याला इतकी चिकटलेली की गाव कुठे संपलं आणि शहर कुठे सुरू झालं हे आता फक्त ग्रामपंचायतीलाच माहीत.

तर झालं असं, की आत्याने गोळाभात केला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डाळीच्या भरड्याचे गोळे भातात शिजवायचे आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी दिलेलं तेल सढळ हाताने ओतायचं. पुण्यात असं काही केलं तर घरातले डॉक्टरचा नंबर शोधायला लागतील. मी दुसऱ्यांदा वाढून घेत असताना आत्या म्हणाली, "जवसाचं तेल असतं न, तर मजा आली असती. आता मिळतच नाही."

मी म्हटलं, "मिळतं की. आमच्या ऑफिसात अर्धी मंडळी रोज सकाळी जवस खातात."

आत्याला आधी खरंच वाटेना. माझ्या टीममधली दोन मुलं जिममधून आल्यावर 'फ्लॅक्स सीड' नावाची पूड दह्यात घालून खातात. पाव किलोचं चकचकीत पाकीट, त्यावर ओमेगा-३ असं ठळक अक्षरांत. ते जवसच आहे हे त्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांचाही विश्वास बसला नव्हता.

मामाजी (विदर्भात आत्याच्या यजमानांना मामाजी म्हणतात, पुणेकरांनी गोंधळून जाऊ नये) हसले. म्हणाले, "अन् इथं कोणी पेरत नाही, बाबू. भावच नाही त्याले."

पुण्याला परत आल्यावर सवयीप्रमाणे आकडे शोधत बसलो. शनिवार सकाळ, चहा, आणि तेलबियांचे सरकारी तक्ते. (हो, काही लोक असेही वीकेंड घालवतात :) ) त्यात एक ओळ दिसली आणि मी चहाचा कप खाली ठेवला. आपल्याकडे सरकार प्रमुख तेलबिया नऊ धरतं. त्यातल्या सात खाद्य: भुईमूग, मोहरी, सोयाबीन, तीळ, सूर्यफूल, करडई, कारळे. आणि दोन अखाद्य: एरंडी आणि जवस.

जवस अखाद्य! माझ्या आजीने आयुष्यभर जे तेल भाकरीवर घातलं, जे पूर्व विदर्भातल्या खेड्यापाड्यांत घरोघरी स्वयंपाकाला होतं, ते एरंडेलाच्या रांगेत बसवलेलं. हे कुणी ठरवलं, कसं ठरलं, आणि त्याने काय फरक पडला, या प्रश्नामागे लागलो तर गोष्ट बरीच लांब गेली. ती आज सांगतो.

*

आधी थोडं रसायनशास्त्र, घाबरू नका.

जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. हेच ते पाकिटावरचं ओमेगा-३. या आम्लाच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन त्यांवर टपलेलाच असतो. त्यामुळे हे तेल लवकर खवट होतं. पण त्याच गुणामुळे ते पातळ थरात पसरलं तर सुकून कडक पापुद्रा धरतं. खाणाऱ्याच्या दृष्टीने जो दोष, तोच रंगाऱ्याच्या दृष्टीने गुण. तैलचित्रं, लाकडावरचं पॉलिश, जहाजांचे रंग, सगळीकडे जवसाचं तेल लागायचं. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने सुकलेल्या जवसाच्या तेलापासून लिनोलियम काढलं, म्हणजे जमिनीवर अंथरायचं ते. लिनम म्हणजे जवस, ओलियम म्हणजे तेल. नावातच सगळं आलं.

आता योगायोग पाहा. साधारण त्याच वेळी, १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला १८६२ ला, आणि वर्धा शहर वसलं ते रेल्वेच्या याच वर्षांत. रेल्वे आली ती मुख्यतः कापसासाठी हे शाळेत शिकलोय. पण कापसाबरोबर जवसही त्याच वाघिणींतून मुंबई बंदराला आणि तिथून युरोपला जाऊ लागलं. वर्ध्याच्या काळ्या जमिनीतलं बी विलायतेतल्या दिवाणखान्यांच्या फरशीवर पसरलं गेलं म्हणा ना.

म्हणजे जवसाला दोन गिऱ्हाईकं होती. एक लांबचं, रंग आणि लिनोलियमवालं. दुसरं जवळचं, भाकरीवालं. बाजाराच्या वहीत नोंद झाली ती पहिल्याची. दुसऱ्याची नोंद होण्याचं कारणच नव्हतं, कारण ते बी गावातून बाहेर पडतच नव्हतं. शेतातून घाण्यावर, घाण्यावरून घरात.

*

घाणा म्हणजे मोठं उखळ, त्यात फिरणारी लाट, आणि ती फिरवणारा बैल. डोळ्यांवर झापड बांधलेला. एक घाणी व्हायला तास-दीड तास लागायचा. मध्ये थोडं पाणी शिंपडायचं, म्हणजे तेल सुटतं. शेवटी तेल एकीकडे आणि ढेप एकीकडे. ढेप म्हणजे पेंड, पुणेकरांसाठी.

हा धंदा किती जुना? नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या एका शिलालेखात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातल्या, तिलपिषकांच्या म्हणजे तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीकडे पैसे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्या व्याजातून आजारी भिक्षूंना औषधपाणी करायचं. तिसऱ्या शतकातली फिक्स्ड डिपॉझिट आणि मेडिक्लेम, एकत्र! तेल्यांची संस्था इतकी विश्वासाची होती की लोक तिला बँक समजत.

घाण्याचं एक वैशिष्ट्य मला फार उशिरा कळलं. घाणा हळू चालतो, थोडं तेल काढतो, आणि गिऱ्हाईक शेजारी असतं. म्हणजे तेल आठवड्या-पंधरवड्याला ताजं. जवसासारखं लवकर खवट होणारं तेल रोजच्या जेवणात टिकलं ते याच व्यवस्थेमुळे. तेच तेल शंभर मैलांवरच्या कारखान्यात काढून, डब्यात भरून, दुकानाच्या फळीवर तीन महिने ठेवलं तर घरी येईपर्यंत ते रंगाच्याच कामाचं उरेल. आमच्या भाषेत सांगायचं तर जवस हा लोकल मशीनवरच चालणारा प्रोग्रॅम. सर्व्हरवर टाकला की क्रॅश.

म्हणून घाणा गेला तेव्हा इतर तेलं गिरणीत गेली, पण जवसाला जायला जागाच नव्हती.

*

आता सिंदीकडे येऊ. इथे मला स्वतःलाच धक्का बसला, कारण इतक्या दिवाळ्या तिथे घालवूनही हे ठाऊक नव्हतं.

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग त्यासाठी दिली, तीच मगनवाडी. गांधीजी १९३५ चं वर्षभर तिथेच राहत होते. सेवाग्राम नंतरचं. तेव्हा रोज सकाळी मगनवाडीतली मंडळी बादल्या आणि फावडी घेऊन जवळच्या एका गावात मैला साफ करायला जात. ते गाव म्हणजे सिंदी. मीराबेन तर सिंदीत राहून काम करत होत्या, आणि तिथूनच पुढे शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेल्या.

मगनवाडीत दोन गोष्टी चालल्या होत्या ज्यांचा आपल्या तेलाशी थेट संबंध आहे.

पहिली, घाणा. झवेरभाई पटेल नावाच्या कार्यकर्त्याने तिथे घाण्यावर प्रयोग केले. उखळाचा आकार, लाटेचा कोन, बैलावर पडणारा भार, सगळं मोजून सुधारित घाणा बनवला. मगनवाडी घाणा किंवा वर्धा घाणा म्हणून तो पुढे देशभर गेला. मला हे वाचताना फार बरं वाटलं. आपल्याकडे 'परंपरा' म्हटलं की एक तर पूजा करायची नाही तर मोडीत काढायची. या माणसाने ती खोलून दुरुस्त केली. शुद्ध इंजिनिअरिंग. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे, कधी गेलात तर चुकवू नका.

या सगळ्यामागे हिशेब मांडणारा माणूस होता जे. सी. कुमारप्पा. लंडनला शिकलेला हिशेबनीस, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला, आणि मुक्काम मगनवाडी. गिरणीवाले म्हणत, घाणा अकार्यक्षम आहे. आणि आकड्यांत ते खरंच होतं. घाण्याच्या ढेपेत दहा-बारा टक्के तेल राहतं, एक्सपेलरच्या पेंडीत सहा-सात, आणि हेक्झेनने धुऊन काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लँटमध्ये जेमतेम एक. कुमारप्पांचं म्हणणं असं की हिशेबाची सीमा कुठे आखता ते पाहा. ढेपेत राहिलेलं तेल वाया गेलं असं गिरणीमालक म्हणेल. पण ती ढेप गावातल्या गाईने खाल्ली, तिचं दूध गावातल्या पोराने प्यायलं, शेण शेतात गेलं. बी गावाबाहेर गेलं की तेलाबरोबर ढेपही गेली. गाव परत विकत घेणार ते फक्त तेल.

दुसरी गोष्ट म्हणजे, हसू नका, सोयाबीन. १९३५ मध्ये मगनवाडीच्या स्वयंपाकघरात गांधीजींनी सगळ्यांना सोयाबीन खायला घातलं आणि त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलंही. गरिबाला स्वस्तात प्रथिनं मिळावीत हा हेतू. तेल काढणं हा नाही, शिजवून खाणं. आज वर्ध्यात खरिपात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन आहे आणि शिजवून खाणारं घर शोधावं लागेल. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

*

मगनवाडीत घाणा सुधारत असतानाच तिकडे मुंबईत दुसरं काही घडत होतं. १९०२-०३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म नॉर्मन यांनी तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची रीत काढली. आधी हॉलंडहून आयात होणारं हे घट्ट तेल १९३० पासून भारतात बनू लागलं, आणि १९३७ मध्ये डालडा आला. ताडाच्या झाडाचं चित्र असलेला तो पिवळा डबा. कच्चा माल मुख्यतः शेंगदाण्याचं तेल.

वनस्पती तूप मध्यमवर्गाला का आवडलं? टिकायचं, वास नव्हता, दिसायला तुपासारखं, आणि तुपापेक्षा कितीतरी स्वस्त. गांधीजींनी १९४० च्या दशकात त्यावर सडकून लिहिलं, कारण ते तुपात भेसळीला सर्रास वापरलं जात होतं. स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेपर्यंत गेली. निदान त्यात रंग तरी घाला, म्हणजे भेसळ ओळखू येईल, असंही म्हटलं गेलं. पण टिकाऊ आणि निर्धोक असा रंग काही सापडेना. शेवटी निघालेला तोडगा मला फार आवडला. वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. का? तिळाच्या तेलाची एक रासायनिक चाचणी आहे, बॉदुआँची, तिच्यात ते गुलाबी रंग देतं. तुपाचा नमुना गुलाबी झाला की चोर सापडला. म्हणजे डब्यात लपवलेला वॉटरमार्क!

पण ज्या गोष्टीची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती ती म्हणजे ट्रान्स फॅट. तेल अर्धवट घट्ट केलं की ती तयार होतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं नुकसान करतात. आपल्याकडे ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आली ती २०२२ च्या जानेवारीत. डालडा आल्यानंतर पंच्याऐंशी वर्षांनी.

*

इथवर वाचून कुणाला वाटेल, म्हणजे घाण्याचा काळ सोन्याचा होता. थांबा. आकडे वेगळं सांगतात.

१९५५-५६ मध्ये देशात दर माणशी वर्षाला खाद्यतेल उपलब्ध होतं अडीच किलो, आणि वनस्पती पाऊण किलोच्या आत. दोन्ही मिळून दिवसाला नऊ ग्रॅमसुद्धा नाही. दोन लहान चमचे. आणि ही सरासरी, म्हणजे शेतमजुराच्या घरात त्याहून कमी. आजी सांगायची की तेलाची बुधली आठवड्याच्या बाजारादिवशी भरायची आणि मग बोट बुडवून वापरायची. मला ते लहानपणी गमतीचं वाटायचं. ती गंमत नव्हती, टंचाई होती. लहान मुलाच्या वाढीला स्निग्ध पदार्थ लागतात, आणि ते लाखो घरांत पुरेसे नव्हते.

१९७२ च्या दुष्काळानंतर तर तेल हा राजकारणाचा विषय झाला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्या महागाईच्या यादीत तेल होतंच. मग रेशनवर आयात पामतेल आलं. आमच्या आधीच्या पिढीला तो रेशनचा डबा अजून आठवतो. थंडीत गोठणारा.

१९८६ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने तेलबिया मिशन सुरू केलं. चांगलं बियाणं, हमीभाव, आयातीवर लगाम, आणि सहकारी तेल. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं 'धारा' त्यातलंच. तेव्हा वर्षाला एक कोटी टनांच्या आसपास असलेलं तेलबियांचं उत्पादन दहा वर्षांत दुपटीच्या वर गेलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण होता. आपल्या पिढीला हे कुणी सांगतच नाही!

आणि मग? १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. आयात शुल्क आधी पासष्ट टक्के, १९९५ ला तीस, १९९८ ला पंधरा. त्याच १९९८ च्या ऑगस्टात दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने साठाहून जास्त माणसं दगावली. त्यात पिवळ्या धोत्र्याचं तेल होतं. त्यानंतर सुट्या तेलावर निर्बंध आले आणि पाकीटबंद तेलाची सक्ती झाली. हेतू चांगलाच होता. पण कोपऱ्यावरच्या घाण्याला पाकीट आणि प्रयोगशाळा कुठून परवडणार?

इकडे विदर्भात याच वर्षांत सोयाबीन पसरलं. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा-वीस टक्के, बाकी मुख्यतः पेंड. तिळात पन्नासच्या आसपास, जवसात चाळीसच्या. म्हणजे सोयाबीन हे खरं तर पेंडीचं पीक, तेल जोडधंदा. ती पेंड कोंबड्यांना आणि परदेशी जाते. जमीन तीच होती, पण गावात ना तेल राहिलं ना ढेप. सोयाबीन निघालं की मागे हरभरा, आणि रब्बीतल्या जवसाची जागा गेली. देशात १९७० च्या दशकात वीस लाख हेक्टरांच्या आसपास जवस होतं. आता दोन-अडीच लाखांच्या घरात. हमीभावाच्या यादीत वरच्या सातही खाद्य तेलबिया आहेत. जवस नाही. मामाजी म्हणाले ते हेच. भावच नाही त्याले.

*

मग आज आपण कुठे आहोत? नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात दर माणशी तेलाचा वापर आहे वर्षाला १९.७ किलो. दिवसाला चोपन्न ग्रॅम. आरोग्याच्या दृष्टीने शिफारस आहे वर्षाला बारा किलोची. आणि लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून जास्त, साधारण दीड-पावणेदोन कोटी टन, आपण बाहेरून आणतो. इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोया, रशिया-युक्रेनचं सूर्यफूल.

ढोबळ हिशेब करून पाहिला. एकशे चाळीस कोटी माणसं गुणिले १९.७ किलो, म्हणजे पावणेतीन कोटी टन. तेच बारा किलोने केलं तर एक कोटी अडुसष्ट लाख टन. फरक एक कोटी टनांहून जास्त. म्हणजे आयातीचा मोठा हिस्सा आपण शेतीसाठी नाही, भजी-वडे-फरसाण आणि हॉटेलच्या तर्रीसाठी आणतो. (तर्रीबद्दल वाईट बोलताना माझा हात थरथरतोय याची नोंद घ्यावी.)

आता मामाजींचं सोयाबीन. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. त्या सप्टेंबरात सरकारने कच्च्या तेलावर वीस टक्के मूळ आयात शुल्क लावलं, शेतकऱ्याला आधार म्हणून. मे २०२५ मध्ये ते दहावर आणलं, कारण शहरात तेल महागलं म्हणून ओरड झाली. ओरड कुणी केली? मी केली. सोसायटीच्या ग्रुपवर तेलाच्या पिशवीचा फोटो टाकून 'काय हे भाव!' लिहिणारा मीच होतो. मला तेव्हा माहीत नव्हतं की त्या वाक्याचं दुसरं टोक सिंदीत आत्याच्या घरी आहे.

घाणा परत आणा असं मी म्हणत नाही. नऊ ग्रॅमच्या काळात परत जायची कुणाची इच्छा नसावी. आणि पुण्यात 'लाकडी घाण्याचं' म्हणून दुप्पट-तिप्पट भावात मिळणारं तेल हे कुमारप्पांचं स्वप्न नक्कीच नव्हे. पण एक पीक 'अखाद्य' या रकान्यात गेलं, तिथेच राहिलं, आणि त्याच्यामागे भाव, बियाणं, शेतकरी, घाणेवाला सगळे एकेक करून गेले, हे मात्र खटकतं. डेटाबेसमध्ये एका कॉलमची व्हॅल्यू चुकीची भरली गेली तर काय होतं हे आपल्या धंद्यातल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

असो. माझ्यापुरतं मी दोन गोष्टी केल्यात. घरी महिन्याला किती तेल लागतं ते लिहायला लागलोय (पहिल्या महिन्याचा आकडा सांगत नाही, लाज वाटते). आणि मामाजींना फोन केला, की या रब्बीत अर्धा एकर जवस पेरा, सगळं मी घेतो, ऑफिसातल्या जिमवाल्यांना विकतो.

मामाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पेरतो न बाबू. पण तेल कोण काढून देईन? घाणेवाल्याचं पोरगं तर हिंजवडीतच आहे. तुह्याच ओळखीचं निघन पाहा."

शोधतोय. तुमच्या ओळखीत असेल तर सांगा.